संगणकाच्या पहारेकऱ्याचा भार

संगणकावर साधे पत्र टंकलिखित करताना अक्षरे उमटायला वेळ लागतो आणि आतला पंखा मात्र जोरात फिरू लागतो. अशा वेळी ‘टास्क मॅनेजर’ उघडल्यास अनेकदा ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ या नावापुढे प्रोसेसरचा मोठा वापर दिसतो. विंडोजमधील ‘डिफेंडर’ या व्हायरसविरोधी सॉफ्टवेअरचे हे काम असते.

हे काम दोन प्रकारे चालते. पहिला प्रकार ठरावीक वेळी होणाऱ्या तपासणीचा. त्यात डिस्कवरील फायली एकामागून एक वाचल्या जातात. या वेळी प्रोसेसरचा सरासरी वापर ५० टक्क्यांच्या आसपास राहावा, अशी मूळ योजना आहे. ही मर्यादा बदलता येते. दुसरा प्रकार अखंड पहाऱ्याचा. फाईल उघडली किंवा प्रोग्रॅम सुरू झाला, की त्याची तत्काळ तपासणी होते. एका तपासणीला क्षणाचाही अवधी लागत नाही. मात्र अशा घटना हजारोंनी घडू लागल्या, की भार वाढतो.

‘फायरफॉक्स’ या ब्राउझरचे उदाहरण याबाबत बोलके आहे. तो सुरू असताना डिफेंडर प्रोसेसरवर अवाजवी ताण टाकतो, अशी तक्रार २०१८ मध्ये नोंदविण्यात आली. फायरफॉक्स मेमरीतील भागांच्या परवानग्या वारंवार बदलतो आणि अशा प्रत्येक बदलाच्या नोंदीवर डिफेंडर गरजेपेक्षा अधिक प्रक्रिया करीत होता. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती केल्यावर फायरफॉक्स वापरतानाचा डिफेंडरचा भार सुमारे ७५ टक्क्यांनी घटला. म्हणजेच दोष पहाऱ्याचा नव्हता, तो पहाऱ्याच्या पद्धतीत होता.

त्यामुळे संगणक मंदावला म्हणून संरक्षणच बंद करणे धोक्याचे ठरते. बँकेचे व्यवहार त्याच संगणकावरून होत असतील, तर वाचलेली काही मिनिटे फार महाग पडू शकतात. त्याऐवजी संपूर्ण तपासणी जेवणाच्या सुट्टीत ठेवावी व अद्ययावत आवृत्ती घ्यावी. दोन व्हायरसविरोधी सॉफ्टवेअर एकाच वेळी सुरू ठेवू नयेत. एकच फाईल दोनदा तपासली जाते. तपासणीतून एखादे फोल्डर वगळण्याची सोयही जपून वापरावी. पहारेकरी जेथे पाहत नाही, तीच जागा घुसखोराला सोयीची असते.