कुंथतंय की रोखतंय?

दोन-अडीच वर्षांचं मूल खेळता खेळता एकदम गप्प होतं. सोफ्यामागे नाहीतर पडद्याआड जातं, टाचा उचलतं, पाय एकमेकांना घट्ट चिकटवून ताठ उभं राहतं. चेहरा लालबुंद होतो, कपाळावर घाम येतो. घरातले सगळे हळहळतात, ‘‘बिचारं किती कुंथतंय, पण शी काही होत नाही.’’ बालरोगतज्ज्ञांना हे वर्णन सांगितलं, की ते नेमका उलटा अर्थ काढतात. मूल जोर लावतंय हे खरं, पण तो शी बाहेर पडू नये म्हणून. मांड्या, ढुंगण, ओटीपोटाखालचे स्नायू, असेल नसेल ती ताकद पणाला लावून ते शी रोखून धरतंय. कुंथायचं असतं तर ते उकिडवं बसलं असतं. टाचा उंचावून कुणी कुंथत नाही!

हे कशामुळे सुरू झालं ते बहुतेकदा कुणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं. ताप येऊन गेला, प्रवास झाला, अंगावरचं दूध सुटून वरचं सुरू झालं, किंवा डायपर सोडवण्याची घाई झाली. एके दिवशी खडा झाला, दुखलं, कदाचित बारीकशी चीरही पडली. त्या वयाच्या मेंदूने त्यातून काढलेला निष्कर्ष चोख असतो: शी केली की दुखतं, तेव्हा शी करायची नाही. धड वाक्य जुळवता न येणारं मूल हा निश्चय महिनोन्‌महिने पाळू शकतं.

पाळू शकतं ते आपल्या शरीराच्या एका विलक्षण रचनेमुळे. घास गिळल्यापासून पुढचा जवळजवळ सगळा प्रवास आपल्या हुकमाबाहेरचा असतो. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं स्वतंत्र जाळं आहे. बेलिस आणि स्टार्लिंग या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी 1899मध्ये दाखवून दिलं, की बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या तरी आतडं आपलं काम करत राहतं. आत काही अडलं की त्याच्या मागचा भाग आवळतो, पुढचा सैलावतो, आणि अन्न पुढे सरकतं. मेंदूला विचारायची गरजच पडत नाही. मात्र अगदी शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये सूत्रं अचानक आपल्या हातात येतात. तिथे एकात एक दोन झडपा आहेत. आतली आपोआप चालते, बाहेरची आपल्या इच्छेने.

त्या दोघींचं काम बघण्यासारखं आहे. गुदाशयात काही उतरलं की आतली झडप क्षणभर सैल होते आणि आलेला ऐवज खालच्या नाजूक अस्तराला टेकतो. ते अस्तर इतकं संवेदनशील असतं, की वायू आहे, पातळ आहे की घट्ट, हे त्याला स्पर्शावरून कळतं. दिवसातून कितीतरी वेळा हे चाचपणं चालतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. वेळ सोयीची नसेल तर बाहेरची झडप आवळून धरायची; थोड्या वेळाने गुदाशयाची भिंत सैलावते, ऐवज सामावून घेते आणि कळ निघून जाते. लोकलच्या गर्दीत किंवा ऑफिसच्या मीटिंगमध्ये आपली अब्रू यामुळेच शाबूत राहते.

हीच सोय लहान मुलाला सापळ्यात अडकवते. कळ गेली म्हणून ते खूश होऊन खेळायला पळतं. आतड्याचं पाणी शोषण्याचं काम तर थांबलेलं नसतं. अडकलेली शी तासातासाने कोरडी, कडक होते, वरून नवीन येत राहते आणि गोळा मोठा होत जातो. तीन-चार दिवसांनी तो बाहेर पडतो तेव्हा आधीपेक्षा जास्त दुखतं, म्हणून पुढच्या वेळी मूल आणखी निकराने रोखतं. असे महिने गेले की गुदाशय ताणून ताणून जुन्या चड्डीच्या इलॅस्टिकसारखा होतो. आता कळ यायलाच पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा गोळा साठावा लागतो. मग वरची मऊ शी त्या गोळ्याच्या कडेकडेने झिरपते आणि चड्डीला लागते. घरचे म्हणतात, ‘‘आता जुलाब सुरू झाले,’’ आणि जुलाब थांबवायचे उपाय सुरू होतात. मोठ्या मुलाला तर आळशी म्हणून धपाटेही बसतात. त्याला खरोखरच काही कळलेलं नसतं.

तान्ह्या बाळांचं गणित वेगळं. फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसातून सात-आठ वेळा शी करेल, नाहीतर सबंध आठवडा करणार नाही. बाळ नीट पीत असेल, वजन वाढत असेल, पोट मऊ असेल आणि शी सैल होत असेल, तर दोन्ही ठीकच. काही बाळं शी होण्याआधी दहा-दहा मिनिटं लाल होऊन रडतात आणि मग अगदी मऊ शी करतात. याला बद्धकोष्ठ म्हणत नाहीत. पोटाने दाबायचं आणि त्याच क्षणी खालून सैल सोडायचं, ही दोन कामं एकत्र करायला बाळ अजून शिकतंय. काही आठवड्यांत ते जमतं. तेवढ्यात आपण साबणाची कांडी किंवा तेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ लावत राहिलो, तर शिकण्यात व्यत्ययच येतो; साबणाने आतली त्वचा भाजते ते वेगळंच.

साध्या बद्धकोष्ठात न बसणारी बाळं थोडी असतात. त्यांची गोष्ट मला वैद्यकाच्या इतिहासातल्या सर्वांत चकवणाऱ्या गोष्टींपैकी वाटते. 1886मध्ये कोपनहेगनचे हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी बर्लिनमधल्या परिषदेत बद्धकोष्ठाने दगावलेल्या दोन बाळांची माहिती मांडली. दोघांचंही मोठं आतडं प्रचंड फुगलेलं होतं. साहजिकच पुढची कित्येक दशकं डॉक्टर फुगलेल्या भागालाच दोषी धरत राहिले. खरं तर तो भाग निरोगी होता आणि अडथळ्याशी झुंजून फुगला होता. दोष होता त्याच्या खालच्या, दिसायला साध्यासुध्या, अरुंद तुकड्यात. तिथे चेतापेशीच नव्हत्या. या पेशी आतड्यात जन्माला येतच नाहीत. गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत त्या मानेजवळून निघतात आणि आतड्याच्या भिंतीतून वाट काढत थेट गुदद्वारापर्यंत पोचतात. साधारण 5,000 बाळांमागे एकात त्या मुक्कामाआधीच थांबतात. जिथे त्या पोचत नाहीत, तो तुकडा कधी सैलावतच नाही. बोस्टनमध्ये ऑर्व्हर स्वेन्सन यांनी 1948मध्ये अरुंद तुकडा काढून वरचं निरोगी आतडं खाली जोडण्याची शस्त्रक्रिया मांडली आणि मुलं बरी होऊ लागली. म्हणूनच डॉक्टर आजही विचारतात, की जन्मल्यावर बाळाने पहिली काळी शी कधी केली? 48 तास उलटून गेले असतील तर तपासणी हवीच. पहिल्या महिन्यातच सुरू झालेला त्रास, हिरवी उलटी, टम्म फुगलेलं पोट, न वाढणारं वजन, पायांतला अशक्तपणा यांपैकी काही असलं तरी घरगुती उपायांत वेळ घालवायचा नाही.

मधाचंही इथेच सांगायला हवं. आपल्याकडे बाळाला मध चाटवायची आणि गुटी मधात उगाळायची पद्धत आहे. मधात कधीकधी बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजू शकतात आणि स्नायू लुळे पाडणारं विष तयार करतात. या आजाराचं पहिलं लक्षण बहुधा बद्धकोष्ठच असतं. पोट साफ व्हावं म्हणून चाटवलेल्या मधानेच ते बंद पडावं, हा केवढा विचित्र योग!

तान्हेपणानंतर बद्धकोष्ठ होणाऱ्या सुमारे 95 टक्के मुलांत ते मोठ्या आजारातून आलेलं नसतं. अशा बद्धकोष्ठात पहिलं काम साठलेला गोळा काढणं. इथे आपली समजूत दगा देते. ‘भाजी खा, केळं खा, पाणी पी’ हा सल्ला एरवी उत्तम, पण गुदाशय गच्च भरलेला असताना चोथा वाढवला तर गोळाच वाढतो. मूल पुरेसं पाणी पीत असेल, तर वर आणखी तांब्याभर पाजलेलं पाणी लघवीवाटे निघून जातं. शीपर्यंत पोचत नाही. पाणी शीपर्यंत न्यायला वाहक लागतो. पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाच्या बेचव पावडरीचे लांबलचक रेणू पाण्याला धरून ठेवतात, आतड्यातून जवळजवळ न शोषले जाता खाली येतात आणि सोबत पाणी आणतात. वर्षाच्या आतल्या बाळांना बहुधा लॅक्ट्युलोज देतात. ही साखर फोडणारं विकर माणसाच्या आतड्यात नाहीच, म्हणून ती न पचता मोठ्या आतड्यात पोचते आणि तिथले जंतू तिच्यावर ताव मारतात. मात्रा अर्थातच डॉक्टरांनी वजन बघून ठरवायची.

दुधाकडेही बघायला हवं. दिवसभर बाटलीने दूध पिणाऱ्या मुलाला जेवणाची भूकच राहत नाही. काही मुलांना तर गाईच्या दुधातल्या प्रथिनांचंच वावडं असतं. इटलीत 65 मुलांवर झालेला एक अभ्यास 1998मध्ये प्रसिद्ध झाला: गाईचं दूध बंद करून सोयाचं दिल्यावर 44 मुलांचं बद्धकोष्ठ सुधारलं. औषधांना दाद न देणाऱ्या मुलाचं दूध डॉक्टर काही आठवडे बंद करून बघतात ते याचसाठी.

बसण्याच्या बाबतीत आपल्या आज्यांचे गुण मोकळ्या मनाने मान्य करावेत. पाय लांब करून, दोन पावलांच्या खोबणीत बाळाला टेकवून ‘शूऽऽ’ करत बसणारी आजी नकळत शरीरशास्त्रच वापरत होती. गुदाशयाला एका स्नायूचा फास पुढे खेचून धरतो, त्यामुळे वाट वाकडी राहते. गुडघे पोटाशी आले की ती बरीच सरळ होते. कमोडवर पाय लोंबकळत बसलेल्या मुलाला हे जमत नाही. पायाखाली पाट द्या, जमेल. वेळही ठरलेली आहे. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप जोराने हलू लागतं, म्हणून नाश्त्यानंतर किंवा जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवायचं. शी झाली नाही तरी रागवायचं नाही. मूल घाबरलेलंच असेल तर डायपर सोडवणं काही महिने पुढे ढकललं तरी चालतं. डायपरमध्ये उभ्याने केलेली मऊ शी ही रोखलेल्या शीपेक्षा कधीही चांगली.

आठवडाभरात शी मऊ होते आणि आईबाबा औषध बंद करतात, ‘‘सवय लागायला नको.’’ या पावडरीची आतड्याला सवय लागत नाही. सैल पडलेला गुदाशय मात्र आठवड्यात पूर्वपदावर येत नाही आणि न दुखता शी होते यावर मुलाचा विश्वासही इतक्यात बसत नाही. म्हणून औषध निदान दोन महिने द्यायचं, सगळी लक्षणं जाऊन महिना झाल्याशिवाय थांबवायचं नाही, आणि थांबवतानाही मात्रा हळूहळू उतरवायची. मधेच परीक्षा, प्रवास किंवा नव्या शाळेतलं नको वाटणारं स्वच्छतागृह आडवं येतं आणि पुन्हा खडा होतो. तेव्हा डॉक्टरांना विचारून त्याच आठवड्यात मात्रा पुन्हा वाढवायची. गोळा साठेपर्यंत वाट बघायची नाही.