हिरडा की बेहडा?

बाळाची गुटी उगाळताना हिरडा म्हणून मी वेढे घालत होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा बेहडा!" बाळाच्या पोटात जायचं औषध, मी शरमलेच. दोन्ही त्रिफळ्यातले, आणि आमच्या पाटणच्या रानात दोन्ही झाडं. सासूबाईंनी मला सरळ झाडाखालीच नेलं. हिरड्याची पानं बहुधा समोरासमोर. देठाच्या वरच्या टोकाशी दोन बारीक गाठी, बोटाला लागतात बरं का! बेहड्याची पानं फांदीच्या शेंड्याला झुबक्यानं. फळं तर सोपीच. हिरडा लांबट, वाळला की पाच ठळक कंगोरे. बेहडा गोलसर, वर करडी मखमली लव. बाळहिरडा मात्र कच्चाच वाळलेला, काळा नि सुरकुतलेला. आता डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्यात.