हौशी बातमीदार

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. तालुक्याच्या एका साप्ताहिकात माझ्या नावाने बातमी छापून आली तेव्हा वडिलांनी विचारले, “ह्याचे किती मिळतात?” काहीच मिळत नाही म्हटल्यावर ते म्हणाले, “मग तू बातमीदार कसला?” नाटकात हौशी आणि व्यावसायिक हा भेद आपण सहज मान्य करतो. बातमीच्या क्षेत्रात तो कशावरून ठरवावा? पगारावरून की ओळखपत्रावरून?

ह्या संदर्भात इंग्लंडमधील लेस्टर शहरच्या एलियट हिगिन्स ह्यांची हकीकत विचार करायला लावणारी आहे. २०१२ साली त्यांनी ‘ब्राऊन मोझेस’ ह्या टोपणनावाने सीरियातील युद्धाविषयी ब्लॉग लिहायला सुरुवात केली. अरबी भाषा येत नाही, सीरियात कधी पाऊल टाकलेले नाही! परंतु लढणारे गटच आपल्या चित्रफिती यूट्यूबवर टाकत असत, आणि हिगिन्स त्या रोज चिकाटीने पाहत. घोषणांकडे न पाहता ते हातातली शस्त्रे पाहत. जागा ओळखण्यासाठी मिनार, रस्त्याचे वळण, टेकडीची रेघ उपग्रहाच्या छायाचित्रांशी ताडून पाहत. २०१३ च्या आरंभी बंडखोरांच्या हाती पूर्वीच्या युगोस्लाव्हियातील बनावटीची शस्त्रे अचानक दिसू लागल्याचे त्यांनी नोंदवले. फेब्रुवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी दिली, की ती शस्त्रे सौदी अरेबियाच्या पैशाने क्रोएशियातून घेतलेली होती.

येथे दोघांच्या कामाची वाटणी मला स्पष्ट दिसते. बंदूक खुर्चीत बसून दिसू शकते; तिचे पैसे कोणी मोजले ते दिसत नाही. त्यासाठी अधिकाऱ्यांशी वर्षानुवर्षे राखलेली ओळख लागते, पाठीशी संपादक लागतो.

जुलै २०१४ मध्ये हिगिन्स ह्यांनी ‘बेलिंगकॅट’ ही संस्था काढली, आणि काही दिवसांतच, १७ जुलैला, पूर्व युक्रेनवर मलेशियाचे एमएच १७ हे विमान पाडले जाऊन २९८ माणसे मृत्युमुखी पडली. क्षेपणास्त्र वाहून नेणाऱ्या गाडीवरचे ओरखडे, पुसट आकडे लोकांनी सहज काढलेल्या छायाचित्रांत जुळवत ह्या मंडळींनी ती रशियाच्या कुर्स्क येथील ५३ व्या ब्रिगेडपर्यंत नेऊन पोचवली. २०१८ साली अधिकृत आंतरराष्ट्रीय तपास पथकानेही तेच सांगितले. विशेष हे, की आपण निष्कर्षाला कसे पोचलो ते बेलिंगकॅटने पायरीपायरीने मांडले. ज्याला शंका असेल त्याने स्वतः ताडून पाहावे. (आता तेथे पगारी माणसे आहेत, तेव्हा वडिलांच्या व्याख्येने तेही बातमीदार झाले!)

हे वाचून माझ्यासारख्या हौशी माणसाची छाती फुगते खरी, पण मला लगेच आमच्या गावची गारपीट आठवते. पारावर ऐकले त्यावरून मी लिहून पाठवले, ‘४० घरांचे पत्रे उडाले.’ दोन दिवसांनी जिल्ह्याच्या दैनिकाचे एक प्रौढ बातमीदार मोटारसायकलवरून आले. त्यांनी कोणालाच आकडा विचारला नाही. वही काढून ते आळीआळीने हिंडले, दारात उभे राहून वर पाहिले आणि लिहून घेतले. त्यांची घरे भरली २७. मी त्याच गावचा, सगळी दारे मला ओळखीची, मोजायला तासभरही लागला नसता.

पुढे पंचनाम्याच्या वेळी कोणीतरी माझेच कात्रण पुढे केले. “तुम्ही लोक फुगवूनच सांगता,” हे ज्यांचे छप्पर खरोखर गेले होते त्यांना ऐकून घ्यावे लागले. त्यांत माझी चुलती होती. ती मला काही बोलली नाही.

मी दुरुस्ती लिहून पाठवली. ती पुढच्या अंकात आतल्या पानावर तीन ओळींत आली. पंचनामा तोवर होऊन गेला होता.