मुखकर्करोगाचा संशय : कोणाला तातडीने पाठवावे?

तंबाखू, मशेरी आणि सुपारी यांच्या सेवनामुळे तोंडाचा कर्करोग ग्रामीण महाराष्ट्रालाही अपरिचित राहिलेला नाही. तोंडाचा आतील भाग डोळ्यांना दिसतो, बोटाने चाचपता येतो; तरीही पुष्कळ रुग्ण रोग बळावल्यावरच उपचारासाठी येतात. आरंभीचा व्रण बहुधा दुखत नाही आणि दुखत नाही म्हणून तो दाखविला जात नाही. हा विलंब टाळण्याची पहिली जबाबदारी प्राथमिक आरोग्य केंद्रावर येते.

मात्र तोंड आलेल्या प्रत्येकाला मोठ्या रुग्णालयात धाडणे हाही उपाय नव्हे. साधे फोड बहुधा दोन आठवड्यांत बरे होतात. अशा रुग्णांची मजुरी विनाकारण बुडते आणि त्यांच्या गर्दीत खऱ्या रुग्णाचा क्रम मागे पडतो. म्हणून निवड डोळसपणे व्हावयास हवी.

टोकदार दात किंवा घट्ट न बसणारी कवळी यांमुळे जखम झाली असेल, तर ते कारण दूर करून दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावे. जखम भरली नसल्यास रुग्णास पुढे पाठवावे. तीन आठवड्यांहून जुना, कारण न सापडणारा व्रण, कडा कठीण झालेली जखम, लाल किंवा लाल-पांढरा चट्टा, तोंडातील वा मानेतील न जिरणारी गाठ यांपैकी काहीही आढळल्यास मलमे आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या देत वेळ दवडू नये. नुसता पांढरा चट्टा, किंवा उभी तीन बोटे मावतील इतकेही तोंड न उघडणे, ही कर्करोगपूर्व स्थितीची लक्षणे असू शकतात. अशा व्यक्तीस दंतशल्यचिकित्सकाकडे पाठवावे आणि तंबाखू-सुपारी सोडावयास लावावी.

संदर्भ चिठ्ठीवर केवळ ‘तोंडाचा विकार’ असे लिहिणे पुरेसे नाही. व्रणाची जागा, आकार, कालावधी आणि व्यसन यांची नोंद असेल, तरच तातडी ओळखता येते. निश्चित निदान अर्थात तुकडा तपासणीनंतरच होते.

केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ साली सुरू झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन तोंडे तपासली. तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांमधील मुखकर्करोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे एकतृतीयांशाने घटल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि, संशयित ठरलेल्यांपैकी अनेकजण पुढील तपासणीस गेलेच नाहीत.

चिठ्ठी दिली म्हणजे काम संपले नाही, हाच यातील बोध. पाठविलेला रुग्ण पोचला की नाही, याची विचारपूस आरोग्यसेविकेने आणि आशा कार्यकर्तीने करावी. भीतीने वा प्रवासखर्चाच्या चिंतेने घरी थांबलेल्यास धीर देऊन रुग्णालयापर्यंत पोचविणे, हे मात्र पंचायत सदस्य आणि शिक्षक यांनाही सहज करता येण्याजोगे कार्य आहे.