नखाएवढं चामडं : हमद टाउनमधली एक खरेदी



२०२० साली इस्राएल आणि बहारीन यांच्यात करार झाला. पुढच्या वर्षी थेट विमान सुरू झालं, तेव्हा आमची एक जुनी इच्छा जागी झाली. अलिबागच्या बाजूला आमच्या गावी आमचे एक शेजारी होते. कोकणी मुसलमान घर. त्यांचा मुलगा आमचा शाळासोबती. तो नोकरीसाठी बहारीनला गेला तो तिथेच राहिला. २०२२ च्या हिवाळ्यात आम्ही दोघं त्याच्याकडे हमद टाउनला जाऊन आलो.

हमद टाउन हे राजधानी मनामाच्या नैर्ऋत्येला वसवलेलं नवं शहर. १९८४ पासून लोक तिथे राहायला आले. तिथे पत्ता सांगताना चौकाचा नंबर सांगतात. गावाच्या कडेला चार हजार वर्षांपूर्वीच्या दिलमून लोकांच्या थडग्यांची मातीची टेकाडं आहेत. २०१९ साली युनेस्कोने ती जागतिक वारशात घेतली.

पण आज सांगायचंय ते वेगळंच. मित्राचा पंधरा वर्षांचा नातू पूल खेळतो. शुक्रवारी त्याचा सामना होता आणि त्याच्या क्यूचं टोक पार झिजलेलं. चेंडू मारला की क्यू घसरायचा. आम्ही म्हटलं, "चल बाळा, नवीन टिप आमच्याकडून भेट." आम्हाला वाटलं, दोन मिनिटांचं काम. तास गेला!

मुलांनो, क्यूच्या टोकावर चामड्याची एक छोटी चकती असते, तिलाच टिप म्हणतात. पूर्वी क्यूचं टोक नुसतं लाकडाचं असायचं. चेंडूच्या मधोमध मारलं तर ठीक, जरा बाजूला मारलं की घसरलंच. फ्रान्समध्ये मँगो नावाचा एक सैनिकी अधिकारी होता. टोकाला चामडं लावण्याचं श्रेय त्याला देतात, आणि ही गोष्ट साधारण १८०७ सालची. चामड्यावर खडू धरून राहतो, त्यामुळे चेंडूला फिरकी देता येते. आपल्या हिंदुस्थानचं नातंही या खेळाशी जुनं आहे. स्नूकर जन्मलं ते १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत. बिलियर्ड्समध्ये १९५८ साली जागतिक हौशी विजेतेपद मिळवणारे विल्सन जोन्स हे पुण्यात जन्मलेले. पंकज अडवाणीही जन्माने पुण्याचा, आणि त्याचं लहानपण कुवेतमध्ये गेलं. हे ऐकून त्या पोराचे डोळे चमकले.

खेळाच्या हॉलमध्येच एक काउंटर होतं. तिथल्या केरळच्या माणसाने ट्रे पुढे ठेवला. त्याच्याकडून जे शिकलो ते वाचकांच्या नातवंडांसाठी लिहून ठेवतो.

पहिलं म्हणजे माप. पूलच्या क्यूला साधारण १२ ते १३ मिलिमीटरची टिप लागते, स्नूकरला ९ ते १० मिलिमीटरची. क्यूच्या टोकापेक्षा टिप किंचित मोठी घ्यावी. चिकटवल्यावर कडा कापून सारखी करता येते. लहान घेतली तर काही इलाज नाही.

दुसरं म्हणजे एकसंध की थरांची. एकसंध टिप म्हणजे चामड्याचा एकच तुकडा. स्वस्त असते, पण मार खाऊन खाऊन अळंबीसारखी पसरते, आणि एकाच डब्यातल्या दोन टिपा सारख्या निघतीलच असं नाही. थरांच्या टिपेत पातळ चामड्याचे बरेच थर गोंदाने चिकटवून दाबलेले असतात. ती कमी पसरते, आणि शेवटपर्यंत बरीचशी एकसारखी वागते. पैसे मात्र कितीतरी पट जास्त. घेताना ती उजेडात धरून कडेने बघावी. थरांमध्ये फट दिसली किंवा नखाने थर सुटू लागला तर परत ठेवावी.

तिसरं म्हणजे मऊ, मध्यम की कडक. मऊ टिप खडू छान धरते, पण लवकर दबते नि झिजते. कडक टिप टिकते, पण खडू वरचेवर लावावा लागतो. शिकणाऱ्याने मध्यम घ्यावी.

आम्ही आपले ऐटीत म्हणालो, "सगळ्यात चांगली द्या." त्याने एक जपानी टिप काढली. चांगली साडेसात दिनारची! आम्ही पाकीट उघडलं. पण पोरगा गप्प. नको म्हणेना, हो म्हणेना. आमच्या मंडळींच्याच ते लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "काय रे, आवडली नाही का?" तो खाली बघून हळूच म्हणाला, "दादी, ती डुकराच्या कातड्याची असते."

आम्ही काउंटरवाल्याकडे पाहिलं. त्याने मान डोलावली. कामुई, मोरी ही थरांच्या टिपांमधली नावाजलेली जपानी नावं, आणि दोन्ही डुकराच्या कातड्याची. ते कातडं पातळ आणि चिवट, म्हणून थरांना सोयीचं.

आता आपल्या धर्मात डुकराचं मांस वर्ज्य, पण त्याचं कातडं वापरायला मनाई नाही. तेफिलीन आणि सेफेर तोरा यांना मात्र कोशेर जनावराचंच चामडं लागतं. इस्लाममध्ये बहुतेक विद्वान मानतात की डुकराचं कातडं कमावूनही शुद्ध होत नाही. त्या पोराने आमचं मन राखायला भेट घेतली असती आणि क्यूला हात लावताना रोज चुटपुटला असता. आम्ही मात्र भेट दिल्याच्या आनंदात घरी परतलो असतो!

म्हणून चौथी गोष्ट : चामडं कशाचं, ते आधी विचारावं. एकसंध टिपा साधारणपणे गाईच्या किंवा म्हशीच्या चामड्याच्या असतात. म्हशीच्या चामड्याच्या थरांचीही टिप मिळते. ट्रेच्या कोपऱ्यात तशा दोन होत्या, मध्यम. आम्ही दोन्ही घेतल्या. एक त्याला, एक इस्राएलमधल्या आमच्या नातवाला.

घरी पोराने जुनी टिप काढली, दोन्ही बाजू काचकागदाने घासून सपाट केल्या, घट्ट गोंद लावून दाबून धरली आणि रात्रभर ठेवून दिली. सकाळी मित्राने स्वतः पात्याने कडा कापल्या. (मुलांनो, हे काम मोठ्यांकडूनच करून घ्या.) मग काचकागदाने वर घुमटाचा आकार दिला, भारतातल्या २०११ नंतरच्या एक रुपयाच्या नाण्याच्या कडेइतका गोल. शेवटी मित्राने बजावलं, "क्यू गाडीत ठेवू नको रे, इथल्या उन्हात गोंद सुटेल."

शुक्रवारचा सामना तो हरला. पण क्यू एकदाही घसरला नाही, हे त्याने येऊन आम्हालाच आधी सांगितलं.

आमचा नातू घरी ती टिप बघून म्हणाला, "आजोबा, आपल्याला तर जपानी चालली असती ना?" आम्ही म्हटलं, "चालली असती बाळा. पण उद्या तो आपल्या घरी आला, तर तुझ्या क्यूने खेळू शकेल ना!"