जनरेटर ऐन वेळी का बंद पडतो?

वीज गेली, जनरेटर सुरू झाला, लिफ्ट हलली आणि वीस मिनिटांत पुन्हा अंधार. डिझेल संपले असेल, ही पहिली शंका. अनेकदा दोष असतो इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेत.

उष्णता जाते कुठे?
डिझेलमधील ऊर्जेपैकी साधारण ३५ ते ४० टक्केच वीजनिर्मितीच्या कामी येते. उरलेली मुख्यतः धूर आणि कूलंटवाटे बाहेर पडते. पंप कूलंट इंजिनात फिरवतो, पंख्याची हवा ते रेडिएटरमध्ये थंड करते. तापमान मर्यादेपलीकडे गेले, की सेन्सर इंजिन बंद करतो. सेन्सरच बिघडला असेल, तर हेड गॅस्केट उडते किंवा पिस्टन जाम होतो.

बिघाड कशामुळे?
रेडिएटरच्या जाळीत धूळ बसते. कूलंटऐवजी नळाचे पाणी भरल्यास आत क्षार आणि गंज साचतो. पंख्याचा पट्टा सैल होतो. खोलीत हवेला वाट नसेल, तर गरम हवाच पुन्हा रेडिएटरवर येते.

फुकुशिमात काय झाले?
११ मार्च २०११ च्या त्सुनामीत जपानच्या फुकुशिमा दाइइची अणुऊर्जा केंद्रात अनेक जनरेटर बुडाले. समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या जनरेटरचे पंपही निकामी झाले. सहाव्या अणुभट्टीचा हवेने थंड होणारा एक जनरेटर मात्र चालत राहिला. त्याच्याच विजेवर पाचवी आणि सहावी अणुभट्टी वाचली.

काय तपासावे?
• दर आठवड्याला कूलंटची पातळी, गळती, पट्टा आणि बॅटरी पाहा.
• रेडिएटर वेळोवेळी साफ करून घ्या.
• ऑइल आणि फिल्टर उत्पादकाने दिलेल्या तासांनुसार बदला. जनरेटर कमी चालला, तरी वर्षातून एकदा बदलाच.
• महिन्यातून एकदा अर्धा तास, क्षमतेच्या किमान ३० टक्के भारावर चालवा. भाराविना पाच मिनिटे चालवल्यास तापण्याचा दोष कळत नाही. उलट अर्धवट जळालेले डिझेल सायलेन्सरमध्ये साचते.
• इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नका. दाबाखालील वाफेने गंभीर भाजू शकते.

प्रत्येक तपासणीची तारीख, तास आणि तापमान वहीत लिहा. तेवढ्याच भारावर तापमान दर महिन्याला वाढत असेल, तर मेकॅनिकला आजच बोलवा. वीज जाण्याची वाट पाहू नका.