तरंगत्या खिडक्या

मुख्याध्यापकाच्या टेबलावर सकाळी काय काय पसरलेले असते! हजेरीपत्रक, त्याखाली अर्धे झाकलेले वेळापत्रक, कोपऱ्यात एखाद्या पालकाचे पत्र. हवा तो कागद वर ओढावा, बाकीचे खाली राहू द्यावेत. संगणकाच्या पडद्यावरही असेच असते. तेथील कागदांना खिडक्या म्हणतात. त्यांना चौकट लावणे, सरकवणे, लहानमोठे करणे आणि कोणती वर राहील हे पाहणे, ही कामे जो प्रोग्राम करतो तो खिडकी-व्यवस्थापक होय.

बहुतेक संगणकांत तो आयताच मिळतो. लिनक्सची गोष्ट निराळी. १९८४ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत 'एक्स' नावाची खिडकी-प्रणाली जन्मली. खिडक्या कशा मांडाव्यात हे तिच्या कर्त्यांनी स्वतः न ठरवता वेगळ्या प्रोग्रामवर सोपविले. म्हणून आपल्याला निवडीस वाव राहिला.

काही व्यवस्थापक फरशी बसविणाऱ्या गवंड्यासारखे असतात. सारा पडदा वाटून देतात, एक खिडकी दुसरीवर चढू देत नाहीत. दुसरे माझ्या टेबलासारखे. त्यांच्या खिडक्या तरंगत्या म्हणावयाच्या. विंडोजच्या १९८५ च्या पहिल्या आवृत्तीत मुख्य खिडक्या फरशांप्रमाणे शेजारी शेजारी बसत. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर येऊ लागल्या.

नागपुरात महाल भागातील एका शाळेचे जुने संगणक भंगारात निघाले होते. स्मृती अवघी ५१२ एमबी! सजलेला मोठा डेस्कटॉप त्यांना पेलेना. मी दोन हलके व्यवस्थापक लावून पाहिले. ओपनबॉक्स अगदी रिकामा पडदा दाखवितो. माउसचे उजवे बटण दाबावे तेव्हा यादी उघडते. मला तो आवडला, पण मुले बावरली. आइसडब्ल्यूएममध्ये खाली पट्टी असते, झाकलेल्या खिडकीचे नाव तीवर दिसते. ज्यांना वापरायचे त्यांचेच ऐकावे, म्हणून तोच ठेवला. मात्र हलक्या व्यवस्थापकाने इंटरनेटचा ब्राउझर हलका होत नाही. तो तेथे रखडतोच. लेखन आणि चित्रकला मात्र सुरळीत चालते.

एकदा सातवीतील एक मुलगी रडवेली झाली. निबंधाच्या खिडकीचा माथा लहान पडद्याच्या वर निघून गेला होता. सरकवायला धरावे कोठे? मी तिला ऑल्टची कळ दाबून माउसने खिडकीचा मधलाच भाग ओढायला सांगितले. खिडकी सरसर खाली आली. मग कितीतरी वेळ ती उगीचच खिडक्या ओढीत बसली होती.